वस्तादांनी निवडलेलं जॅकेट

वस्ताद गुरुवारी सकाळी गेले. दुपारी त्यांची लेक मालवणहून आली.

शिवाजी पेठेतल्या ज्या कुणी त्यांच्या हाताखाली विहिरीत पहिली उडी टाकली असेल, त्यांना आठवत असेल. नवीन माणूस आला की वस्ताद त्याच्या काखेत हात घालून त्याला उचलून बघत. मग पाठीला काय बांधायचं ते ठरे. हलक्याला सुका भोपळा, वजनदाराला पत्र्याचा बंद डबा. मी पेठेतल्या वाचनालयात कामाला. तिशी उलटल्यावर पोहायला गेलो. मला उचलून ते म्हणाले, "पुस्तकं वाचून वाचून हाडं पोकळ झाल्यात. भोपळा बास." मी पायरीवरच थबकलो, तेव्हा म्हणाले, "भ्यायचं न्हाय. मी हाय की."

इतक्या वर्षांत त्यांच्या विहिरीत कुणी बुडालं नाही. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि तो ते लपवत नसत.

लेक त्याच विहिरीत पोहायला शिकली. पुढे मालवणला जाऊन स्कूबा शिकली आणि तिथंच नोकरी धरते म्हणाली. घरात अबोला झाला. शेवटी वस्ताद म्हणाले, "जा. पर अंगात काय घालायचं ते मी ठरवणार."

तिचे शिक्षक कोल्हापूरला येताना हवेची दोन जॅकेटं घेऊन आले. वस्तादांनी विहिरीवर आम्हा सगळ्यांसमोर दोन्ही फुगवून, दाबून पाहिली आणि मोठं उचललं. लेकीच्या अंगावर ते बैलाच्या झुलीसारखं दिसत होतं.

"आबा, ह्यात खाली जाताच यायचं न्हाय."

"मग चांगलंच हाय की!"

आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

शिक्षकांनी समजावलं. ढिलं जॅकेट अंगावर सरकतं, हवा नीट सोडता येत नाही आणि नको तेव्हा माणूस वर ओढला जातो. हवा कमीजास्त करून पाण्याच्या मधे थांबता आलं पाहिजे.

"मधे कोण थांबतंय, पावणं? माणूस एक तर वर, न्हायतर तळाला."

लेक लहान जॅकेट घालून, पाठीला सिलिंडर लावून उतरली. उन्हाळ्यातलं नितळ पाणी. बरीच खाली जाऊन ती आडवी थांबली. वर येईना, खाली जाईना. वस्ताद काठावर ओणवे होऊन बघत राहिले. मी त्यांच्या शेजारी होतो. त्यांनी माझं मनगट धरलंय हे त्यांना कळलंही नसावं.

ती वर आली. वस्ताद धोतरासकट पाण्यात उतरले, तिच्या छातीवरचा पट्टा आवळला, त्यात बोट घालून पाहिलं आणि म्हणाले, "हेच असू दे."

ती गेल्यावर वस्ताद रोज संध्याकाळी वाचनालयातल्या फोनपाशी येऊन बसायचे. फोन वाजला की एवढंच विचारायचे, "आलीस वर?" उत्तर ऐकून फोन ठेवायचे. बाकीच्या गप्पा तिच्या आईनं माराव्यात, असं त्यांचं म्हणणं.

दिवसकार्य उरकून लेक पुन्हा कामावर गेली. फोन अजून संध्याकाळीच येतो. "काका, आलो वर," ती म्हणते. मी "बरं" म्हणतो.