मिशीवरचा अंगठा

आमच्या साडूंइतकी नवाब-बेगमांत ऊठबस असलेला माणूस वाळूजच्या कारखान्यांत दुसरा झाला नाही आणि यापुढं होणारही नाही, हे मी वाटल्यास शपथेवर सांगतो. पहिल्या पाळीला लेथवर पोलाद कातायचं, कंपनीच्या बसनं दुपारी उस्मानपुऱ्यात उतरायचं, हातपाय धुवायचे आणि चहाचा कप घेऊन बैठकीतल्या भिंतीसमोर उभं राहायचं. भिंतीवर चाळीसेक असामी त्यांची वाटच बघत असत. तळहाताएवढी चित्रं, लंबगोल पितळी चौकटीत बसवलेली. कुणी फूल हुंगतंय, कुणी मनगटावर ससाणा घेऊन बसलंय, कुणाच्या गळ्यात मोत्यांच्या इतक्या माळा की मान कुठं आहे ते शोधावं लागावं. जुन्या चित्रांच्या या छापील नकला, वर मुद्दाम पिवळट झाक दिलेल्या. शहागंजच्या एका बोळात एक म्हातारे चाचा त्या विकत. "साब, ये असली नकल है," ते छातीवर हात ठेवून सांगत, "नकली नकल उधर अगली गल्ली में मिलती." साडूंना हे पूर्ण पटलेलं होतं. ते या चित्रांना 'मुखडे' म्हणायचे.

आल्यागेल्याला ते सांगत, "घराला जरा शोभा पाहिजे का नाय?" हे साफ खोटं होतं. साडू त्या भिंतीवर आपल्या आईचा चेहरा शोधत होते, आणि हे आम्हा घरच्यांना पक्कं ठाऊक होतं.

देवगाव रंगारीला त्यांची आई रखमा गेली तेव्हा साडू अडीच वर्षांचे होते. तिचा फोटो नाही. म्हणजे आहे, पण त्यात ती नाही. गावच्या जत्रेत आलेल्या फोटोग्राफरला वडिलांनी शेतावर नेलं आणि नव्या बैलजोडीबरोबर फोटो काढून घेतला. हौसेनं बायकोलाही उभं केलं. ती ऐन वेळी लाजली आणि बैलाच्या मागं सरकली. त्यामुळं फोटोत वडील आहेत, बैल आहेत आणि बैलाच्या पाठीवर ठेवलेला, बांगड्या भरलेला एक हात आहे. बैल मात्र अगदी नीट कॅमेऱ्याकडं बघतायत. मला तो फोटो पहिल्यांदा दाखवताना साडू म्हणाले, "पाव्हणं, बैलानं आईला बघितलं असंल. म्या नाय बघितलं." आणि मोठ्यानं हसले.

वडिलांनी जाण्याआधी आईच्या चार खुणा सांगितल्या होत्या: नाक सरळ, कपाळ रुंद, डोळे पाणीदार आणि हसताना हनुवटी आत ओढायची सवय. एवढ्या भांडवलावर साडूंचा शोध चालू होता. सुरुवात माझ्यामुळं झाली, हे कबूल करायला हवं. माझ्या वास्तुशांतीला काहीतरी भेट घ्यावी म्हणून ते चाचांच्या दुकानात शिरले आणि एका बेगमेच्या नाकापाशी थबकले. ती भेट मला आजतागायत मिळालेली नाही. मग त्या नाकाला जोडीला कपाळ हवं म्हणून दुसरी बेगम आली, तिचे डोळे बारीक म्हणून तिसरी, आणि बघता बघता मेहुणीबाईंच्या, म्हणजे आमच्या आक्कांच्या, कॅलेंडरलासुद्धा खिळा मिळेनासा झाला.

जन्म लेथवर गेलेला, त्यामुळं साडूंचा अंदाजपंचेवर विश्वास नाही. बेगमांची नाकं ते व्हर्नियर लावून मोजत आणि मापं कंपनीच्या डायरीत लिहून ठेवत. आक्कांनी एकदा त्यांना रंगेहाथ पकडलं. "जगाच्या बायांची नाकं मोजताव, माझं कधी मोजलं का?" एखादा शहाणा माणूस इथं गप्प बसला असता. साडूंनी गंभीरपणे त्यांचंही मोजलं आणि, "तुझं जरा ओव्हरसाइज भरतंय," असं सांगितलं. त्या दिवशी ते आमच्याकडं जेवायला आले. माझ्या बायकोनं बहिणीची बाजू घेऊन त्यांना कालची भाकरी वाढली, तीही त्यांनी गोड मानून खाल्ली.

दुसरी खोड ओळींची. मुखडे ओळंब्यात हवेत आणि ओळ पुरी हवी. चौथ्या ओळीत शेवटी, विजेच्या मीटरपाशी, एक जागा रिकामी राहिली तर साडूंना जेवण जाईना. चाचांकडं त्या मापाची बेगम नव्हती, म्हणून एक नवाब आणून ठोकला. भरघोस मिशीचा, अंगानं आडवा. "गड्याचं काय काम नाय," साडू मला म्हणाले, "पण ओळ पुरी झाली."

आता आईला पाहिलेलं एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे साडूंची आत्या. आत्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, भावजयीबरोबर सात वर्षं एका चुलीवर भाकऱ्या थापलेली. पण तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ती रानात निघून जायची. साडूंची झोप उडाली होती. "आत्या गेली का आई कशी व्हती ते सांगणारं कुणीच नाय ऱ्हायचं," ते म्हणत. शेवटी त्यांनी रजा टाकली, गावी जाऊन आठ दिवस आत्याच्या मागंमागं रानात हिंडले आणि तिला घेऊनच आले. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर दम धरायला सांगितला. त्या महिन्यात साडूंनी सगळे मुखडे उतरवून आत्याच्या उंचीला पुन्हा ठोकले. भिंतीची चाळणी झाली, आणि आश्चर्य म्हणजे खिळे आक्काच एकेक करून हातात देत होत्या.

त्या रविवारी आम्ही सगळे जमलो. आत्या काळा चष्मा काढून, साडूंच्या खांद्यावर हात ठेवून भिंतीसमोर उभी राहिली.

"ह्या समद्या कोण रं बाया? लई नटल्यात."

"तू नुसतं बघ. आईवानी कोण हाय का त्येवढं सांग."

आत्या एकेका मुखड्याला नाक लावून बघू लागली. पहिली ओळ संपली. नाय. दुसरी, तिसरी. नाय. जिच्या नाकावर साडूंचा सगळा भरवसा होता, तिला आत्यानं एका शब्दात काढलं, "ही रोगट हाय." साडूंचा चेहरा उतरत चालला होता. माझ्या बायकोनं तर पदर डोळ्यांना लावलाच. चौथ्या ओळीच्या शेवटी, मीटरखाली, आत्या थांबली ती हलेचना.

"ह्यो."

"आत्या, त्यो नवाब हाय. मिशी हाय त्याला."

"मला दिसतंया. मिशीवर अंगठा ठिव."

साडूंनी अंगठा ठेवला.

"आता बघ," आत्या म्हणाली. "रखमा. पोलिस ॲक्शनच्या दुसऱ्या साली लगीन हून आली तवा अशीच दारात हुबी ऱ्हायली व्हती, हनुवटी वढून. पोरी, चहा टाक."

साडू तसेच अंगठा धरून उभे राहिले. चहा निवला तरी त्यांनी हात काढला नाही.

पितृपक्षात अविधवा नवमीला मी जेवायला गेलो तर पाटावर नवाबसाहेब बसलेले. काचेवर हळदकुंकू, गळ्यात झेंडूचा हार, पुढं पुरणाचं ताट. सवाष्ण म्हणून बोलावलेल्या शेजारणीनं दबकत विचारलं, "हे कोण?" साडू म्हणाले, "आई." त्या बाईंनी नवाबसाहेबांना नमस्कार केला आणि त्या जेवायला बसल्या.

पुढच्या वर्षी आत्या गेली. साडूंनी त्यानंतर एकही मुखडा आणला नाही. चाचांनी माझ्याजवळ दोनदा चौकशी केली, "साब नाराज हैं क्या?" आक्का अजून रोज वर्तमानपत्राच्या बोळ्यानं सगळ्या काचा लख्ख पुसतात, चौथ्या ओळीतली शेवटची तेवढी सोडून. तिच्यावर मिशीच्या जागी अंगठ्याचा एक तेलकट ठसा आहे. साडू कामावर जाताना तिथं अंगठा ठेवून मगच चप्पल घालतात.

आत्यानं खरंच ओळखलं, की पोराचं तोंड बघवेना म्हणून सांगून टाकलं, ही शंका मला बरीच वर्षं होती. परवा साडू चहा सांगायला आत गेले तेव्हा मी उठलो, कुणी बघत नाही ना ते पाहिलं आणि त्या ठशावर माझा अंगठा ठेवला. हनुवटी आत ओढून थेट आमचे साडूच माझ्याकडं बघून हसत होते. मी पटकन हात काढला आणि गुपचूप जागेवर येऊन बसलो.