सरकारी बागेतला झोका

सासऱ्यांनी मला पंचमीला तेर गावाहून माहेरी धाडलं ते उपकार केल्यासारखंच. लग्नानंतरची माझी पहिली पंचमी. वर्षभर मान खाली घालून पाणी शेंदलं, भाकरी थापल्या, आणि मनात एकच धरून बसले होते: बागेतल्या चिंचेला झोका बांधायचा आणि मनसोक्त झुलायचं. मोटारीतून उतरले ती आईला आधी तेच विचारलं. आई म्हणाली, "बागंत आता लई कायदे आलेत. पर तू आलीस न्हवं? मग झोका व्हनार."

आमच्या तालुक्याच्या गावात बाग ती एकच. निजामाच्या काळात ती अमलदाराच्या बंगल्यामागची खासगी बाग होती. एरवी आत पाऊल टाकायची कुणाची छाती नव्हती. पण पंचमीला अमलदाराच्या बेगमसाहेबा मागचं दार उघडायला लावायच्या, पहारेकऱ्याला बाहेर घालवायच्या, आणि गल्लीतल्या बायका, हिंदू काय न् मुसलमान काय, चिंचेखाली दिवसभर धिंगाणा घालायच्या. त्या राज्याचे गोडवे गायला मी बसलेली नाही. आमच्या लोकांनी काय सोसलं ते मला कुणी सांगायला नको. पण खरं ते खरं. बाग परक्याची होती तेव्हा तिच्यात आमचा एक दिवस होता.

मग ते राज्य गेलं, आम्ही मुंबई राज्यात गेलो, बंगल्यात कचेरी आली आणि बाग जनतेची झाली. तसं भाषणच झालं म्हणे. सिमेंटची बाकं आली. मधोमध कारंजं आलं, ते कुणी मंत्री आला तरच उडायचं. संध्याकाळी खांबावरच्या भोंग्यातून रेडिओ लागायचा आणि पुरुषमंडळी तंगड्या पसरून बातम्या ऐकायची. फाटकावर बैलगाडी जाईल एवढी उंच लोखंडी कमान उभी राहिली आणि कमानीशेजारी एक पाटी. मी चौथी शिकलेली, म्हणून आईनं मला वाचायला लावली. फुले तोडू नयेत. हिरवळीवर चालू नये. झाडांस दोर बांधू नये.

"वाचलंस न्हवं? चल आता," म्हणत आईनं खांद्यावरचा मोटेचा नाडा, विहिरीवरचा जाड दोर, सावरला आणि सरळ चिंचेखाली जाऊन आडव्या फांदीवर फेकला. गल्लीतल्या बायका मागोमाग आल्याच. दुपारपर्यंत झोक्याला उसंत नव्हती.

दुपारी साहेब आले. पुण्याकडून बदलून आलेले, बागेचा कारभार त्यांच्याकडे. माणूस वाईट नव्हता, झाडांवर जीव होता. पण बायकांशी बोलताना आभाळाकडं बघायचा.

"बाई, ही सार्वजनिक जागा आहे. दोर सोडा."

"तुमीच सोडा की," आई झोक्याच्या फळीवरून म्हणाली.

साहेबांनी बागेतल्या माळ्याला फांदीवर चढवलं. श्रावणसरींनी नाडा भिजलेला, त्यात आम्हा सगळ्यांच्या वजनानं आवळलेला. माळी नखं मोडून खाली उतरला. "गाठ लई बसलीया साहेब, सुटंना."

"मग कोयत्यानं काप."

पंचमीला आमच्याकडं कुणी चिरत नाही, कापत नाही, खणत नाही. भाजीसुद्धा विळीवर धरत नाहीत आणि चुलीवर तवा चढत नाही. माळी मुसलमान, पण जन्म इथलाच. "आज पंचमी हाय साहेब," तो म्हणाला. "आन् माझ्या घरचीबी तिथंच हाय, झुलाया आलीया." रांगेतली त्याची बायको पदर तोंडाला लावून हसली.

साहेबांनी चिडून कोयता स्वतः उचलला. आई फळीवरून उतरली नाही. "कापा. सणाच्या दिवशी ज्याचा हात धजंल त्यानं कापावं. पर साहेब, घरून काय जेवून आलासा?"

साहेबांनी आभाळाकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "दिंडं."

पुरणाची उकडलेली दिंडं. म्हणजे त्यांच्या घरीही आज तवा बंद होता. कोयता खाली ठेवत ते म्हणाले, "उद्या बघतो मी."

"उद्या बघा की. उद्या कोन अडवतंय?"

मग मी फळीवर उभी राहिले आणि असे झोके घेतले की बाकं, कारंजं, ती पाटी, सगळं पायाखाली गेलं. दिवेलागणीपर्यंत मी कुणाची सून नव्हते.

दुसऱ्या दिवशी नाडा दोन तुकडे होऊन फाटकाबाहेर पडला होता. आईनं घरी आणून त्यांची गाठ मारली आणि खुंटीला टांगला.

पुढच्या वर्षी साहेब शहाणे झाले. पंचमीच्या आदल्या दिवशी आमचे भावासाठी उपास चालले असताना त्यांनी चिंचेची ती आडवी फांदीच करवतून टाकली. झाडाला दोरसुद्धा लागू न देणारा हा माणूस! पंचमीला नाडा घेऊन आम्ही बागेत गेलो, तर बाकीच्या फांद्या एक तर उंच, नाहीतर काटकुळ्या. मला रडू आलं, आणि रडू आलं याचाच संताप आला. या एका दिवसासाठी मी सासरी वर्ष काढलं होतं. बायका हळूहळू फाटकाकडं परतू लागल्या.

आई कमानीखाली थांबली. वर बघितलं.

"पाटीवर काय म्हनलंय गं? कशाला दोर बांधू ने?"

"झाडांस."

"मग हे काय झाड हाय?"

आणि तिनं तो गाठीचा नाडा कमानीवरून पलीकडं टाकला.

साहेब येईस्तोवर मी फळीवर होते. झोका फाटकाच्या मधोमध, त्यामुळं रेडिओ ऐकायला आलेली मंडळी बाहेर अडकलेली. साहेबांनी नाड्याकडं बघितलं, गाठीकडं बघितलं. दिवस कुठला ते त्यांनाही ठाऊक होतं.

"ही सार्वजनिक जागा..." त्यांनी सुरुवात केली.

"थांबा साहेब," आई म्हणाली. मग मला ओरडून विचारलं, "वर कमानीला काय लिवलंय गं? मोठ्यानं वाच."

मी झोका वर गेला तसं वाचलं, "सार्वजनिक उद्यान!"

"म्हंजी कुनाचं?"

"सगळ्यांचं!"

"मग भ्यायचं कशाला?" म्हणत आईनं मला मागून आणखी जोरात ढकललं.