विहिरीच्या वरच्या अंगाला

मी गाव सोडलं तेव्हा दुपार होती. आईने पाणी भरलेली बाटली हातात दिली आणि विचारलं, "थंय प्यायचा पाणी गोड गावता मां?" मला माहीत नव्हतं, तरी मी हो म्हटलं. दादाने माझी बॅग एसटीत चढवली. "हयसरची काळजी करू नको, मी आसंय," एवढंच म्हणाला आणि गाडी सुटायच्या आधीच मागे फिरला. त्याला डोळे पुसायचे होते, हे मला नंतर आईने फोनवर सांगितलं.

गावात मी प्लंबर होतो. कुवेतला आलो आणि किनाऱ्यासमोरच्या एका बेटावरच्या रिसॉर्टमध्ये सांडपाण्याच्या प्लांटवर लागलो. पाच दिवस बेटावर ड्यूटी, मग बोटीने परत आणि कुवेत शहराजवळच्या फरवानियात सहा जणांची खोली. गावी हे सांगितलं तर लोक हसले. गटाराचं काम करायला एवढ्या लांब! पण तिथे मी पाण्याकडे बघायला शिकलो. पाहुण्यांच्या आंघोळीचं, धुण्याचं, स्वयंपाकघरातलं पाणी आमच्या टाक्यांत यायचं, गाळून-निवळून खजुराच्या झाडांना जायचं. समुद्रात एक थेंब सोडायची परवानगी नव्हती. सुपरवायझर रोज बाटलीत नमुना घेऊन उन्हात धरायचा आणि नितळ दिसला तरच सही करायचा.

बेटावर बोटींची देखभाल करणारे एक म्हातारे कुवेती होते, अबू नासिर. त्यांचं बालपण त्याच बेटावर गेलेलं. एकदा जेवणाच्या सुट्टीत ते मला पडक्या घरांमागे एका जुन्या विहिरीपाशी घेऊन गेले. डबा सोडून पाणी काढलं आणि माझ्या ओंजळीत ओतलं. मी तोंडात घेतलं आणि थुंकलो. नुसतं मीठ.

"पहले मीठा," ते त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाले. "मेरा माँ, मेरा बाप, सब यही पिया. फिर पंप लगाया, बहुत खींचा. खल्लास."

त्यांनी उरलेलं पाणी वाळूत ओतलं नाही, परत विहिरीत सोडलं. मला ते बघवेना.

त्याच सुमारास दादाने घरामागे पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या. व्हिडिओ कॉलवर तो एकेक दाखवत होता, नव्या टाइल्स, गीझर, खिडकीतून दिसणारी खाडी. मलाही अभिमान वाटत होता. मग त्याने फोन वळवला आणि मला शोषखड्डा दिसला. चारही खोल्यांचं पाणी त्यात जाणार होतं आणि तो आमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला होता. आमचं घर उतारावर. जांभ्यातून पाणी कसं झिरपतं हे सांगायला इंजिनियर लागत नाही.

"दादा, खड्डो खाली घी," मी म्हणालो. "ह्या पाणी सरळ बावीत उतरतला."

"सगळो गाव असोच करता."

"आई तेच पाणी पिता रे."

तो एकदम तापला. "हय ऱ्हवन घर कोणी सांभाळल्यान? शेखांकडचा शहाणपण माका शिकवू नको!"

त्याचा फोन बंद झाला तो तीन महिने बंदच. मी आईला फोन करायचो, दादा शेजारी असूनही बोलायचा नाही. खरं तर त्याच्या बोलण्यातलं अर्धं मला पटलं होतं. घर त्यानेच सांभाळलं होतं. मी फक्त फोनवरून बघत होतो.

मे महिन्यात सुट्टी मिळाली. पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन मी विहिरीच्या खूप खाली, माडांच्या रांगेजवळ खणायला घेतलं. नवा खड्डा तिथे होणार होता आणि त्याच्या अलीकडे आंघोळीच्या पाण्यासाठी खडी-वाळूचा लांब वाफा, म्हणजे त्यातल्या झाडांच्या मुळांतून पाणी गाळून पुढे जाईल. दोन दिवस दादा पडवीतून बघत राहिला. वहिनी चहा आणून ठेवायची आणि आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघून आत जायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो, तर दादा आधीच खड्ड्यात उतरलेला. शर्ट काढलेला, घामाने निथळत होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "वाफ्यात काय लावतलस?"

"कर्दळ."

"खयची? तांबडी की पिवळी?"

मी हसलो, मग तोही हसला. जुना खड्डा आम्ही दोघांनी मिळून बुजवला.

आता मी पुन्हा बेटावर आहे. गावी राहिलेल्या माणसांना वाटतं, आम्ही बाहेर गेलो म्हणजे घरातून वजा झालो. कित्येक वर्षं मलाही तसंच वाटायचं, सुट्टीत गेलं की पाहुण्यासारखं ताट वाढलं जायचं. परवा ऐन ड्यूटीत दादाचा फोन आला. हॅलोसुद्धा नाही. "अरे, वाफ्यात पाणी तुंबलाहा. पाव्हणे इलेहत. काय करू सांग बेगीन!" मागून वहिनीची आरडाओरड ऐकू येत होती. मी सुपरवायझरला हाताने थांबायची खूण केली आणि दादाला म्हटलं, आधी वाफ्याच्या तोंडावरची कचरा अडवणारी जाळी काढ. घर म्हणजे मला आता हे वाटतं, की तिथे काही अडलं तर चिडून का होईना, फोन मला येतो.