मुगाच्या डाळीचं रिव्हॉल्व्हर

हेमंतचा फोन आला तेव्हा मी आमच्या पेट्रोल पंपावर टँकरवाल्याशी भांडत होते. "आई गेली, वैजू," तो म्हणाला, "झोपेतच." मी फोन तसाच कानाला धरून टँकरवाल्याला हातानं 'थांब' म्हटलं, आणि एरवी कुणाच्या बापाचं न ऐकणारा तो माणूस चक्क थांबला. शालिनीमावशी झोपेत गेल्या, यावर माझा विश्वासच बसेना. त्या बाईंना गाढ झोपलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. सिंगापुरात चोआ चू कांगला हेमंतचा फ्लॅट होता. तिथल्या मागच्या खोलीत मावशी दुपारी आडव्या व्हायच्या. दारात पाऊल टाकलं की डोळे न उघडता म्हणायच्या, "वैजू, चप्पल आत घे, पाऊस येतोय." चप्पल माझी आहे हे कसं कळलं, असं विचारलं तर म्हणायच्या, "तू पाय आपटत चालतेस. चोर झाली असतीस तर पहिल्याच दिवशी सापडली असतीस." महिना होऊन गेला आता. अजूनही कुणाच्या दारात चप्पल काढताना मी क्षणभर थांबते...

नात्यानं त्या माझ्या कुणीच नव्हेत. मुंबईत पोलिसात होत्या, त्यातही बरीच वर्षं साध्या कपड्यांतल्या कामावर. नवरा लवकर गेला, हेमंतला एकटीनं वाढवलं. निवृत्त झाल्यावर या कॉम्प्युटरवाल्या मुलाकडे सिंगापूरला आल्या. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मी तेव्हा पासिर रिसला राहायचे. माझे यजमान दिलीप जहाजावर इंजिनिअर, सहा-सहा महिने पाण्यावर. फ्लॅटमध्ये मी आणि पाच वर्षांची मृणाल. एका हळदीकुंकवाला मावशी पहिल्यांदा भेटल्या. यजमानीणबाईंनी कौतुकानं सोफ्यावर बसवलं, तर या उठल्या आणि कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या स्टुलावर जाऊन बसल्या. "दाराकडे पाठ करून मला चहा गिळत नाही," म्हणाल्या. मी एकटीच फिस्सकन हसले. मैत्री तिथंच जमली. बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये ज्युराँग ईस्टला एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, बदलून, दर आठवड्याला मी पोरीला घेऊन त्यांच्याकडे जायचे.

त्याच वर्षी साताऱ्याजवळ हायवेवरच्या आमच्या पेट्रोल पंपावर भरदुपारी तिघेजण मोटारसायकलवरून आले आणि आमच्या म्हाताऱ्या मॅनेजरच्या डोक्यात गज घालून गेले. मॅनेजर वाचला. बाबांनी मात्र धसका घेतला, आठवड्याभरात त्यांची उजवी बाजू लुळी पडली. मी एकुलती एक. परत जाऊन पंप मी चालवायचा, असं मीच ठरवून टाकलं. दिलीप जहाजावरून फोनवर एवढंच म्हणाला, "तुला ठरवल्यावर कोण अडवणार!" बाबांची एकच अट होती : जवळ हत्यार पाहिजे. त्यांच्याकडे परवान्याचं जुनं रिव्हॉल्व्हर होतं, किलोभर वजनाचं. आईनं पत्रात लिहिलं, 'ह्यांचं म्हणणं, तुझ्या नावानं परवान्याचा अर्ज करू. तू एखादं हलकंसं बघून ठेव.' जशी काही पावसाळी चप्पलच! पण मला ते हवंच होतं. खरं सांगते, मी घाबरले होते. मृणालला घेऊन त्या हायवेवर राहायचं होतं.

मावशींना विचारलं तर आधी त्यांनी उठून खिडकी लावली. "इथं हा विषय मोठ्यानं काढू नकोस. या देशात खेळण्यातल्या पिस्तुलावरूनही चौकशी लागते." मग त्यांनी माझी उलटतपासणीच घेतली. अंगावर कपडे कोणते असतात? बसून काम किती, उभ्यानं किती? पोरगी दिवसातून किती वेळा येऊन बिलगते? या शेवटच्या प्रश्नावर मी चिडले. "मावशी, मी बंदुकीचं विचारतेय." "मीही तेच विचारतेय," त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात गेले तर पलंगावर जाड जीनच्या कापडाच्या तीन पिशव्या शिवून तयार. आत मुगाची डाळ आणि मासे पकडायच्या गळाला लावतात ते शिशाचे तुकडे, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून भरलेले. एक अर्ध्या किलोची, एक पाऊण, एक बाबांच्या रिव्हॉल्व्हरएवढी. "महिनाभर अंगावर वागव. झोप आणि आंघोळ सोडून. मग सांग हलकं कुठलं ते." मी अर्थातच अर्ध्या किलोची उचलली. मावशी हसल्या. "सगळे तीच उचलतात. हलकं असलं की उडवताना हाताला हिसका जास्त बसतो, नेम चुकतो. पण ते राहू दे, ते शिकता येतं. हलक्याचा खरा दोष वेगळाच आहे. ते अंगावर आहे हे माणूस विसरतो."

मग कुठे ठेवायचं याचे धडे. सलवारीच्या नाडीत खोचून दाखवलं तर मावशींनी कपाळाला हात लावला. "नाडीच्या भरवशावर? अगं, रस्त्यात सलवार आणि इज्जत दोन्ही जातील." आधी रुंद, ताठ पट्टा. त्यावर चाप पूर्ण झाकणारं कडक चामड्याचं घर, म्हणजे कपडा किंवा बोट आत अडकायला नको. आणि नळीचं तोंड कधीही आपल्याच मांडीकडे, पोटाकडे नको. पुढं खोचलं तर खाली वाकताना पोटात रुततं. मागे कण्यावर ठेवलं तर दिसत नाही, म्हणून मला ते फार आवडलं. त्याच रविवारी आम्ही पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला गेलो, आणि मी कच्च्या रस्त्यावर सायकलवरून उताणी पडले, बरोबर त्या पिशवीवर. आठ दिवस मला सरळ बसता येईना. मावशींनी हळदीचा लेप आणि टोमणे दोन्ही सढळ हातानं लावले. शेवटी उजव्या कमरेला, हाडाच्या किंचित मागे, कुडत्याच्या बाजूच्या चिरेजवळ जागा ठरली. "तुम्ही साडीत कुठं ठेवायचात हो?" मी विचारलं. "साडीत ठेवायला जागा पुष्कळ, काढायला एकही नाही," म्हणाल्या. किती हसलो होतो त्या दिवशी! आजही आठवून हसू येतं.

तीन आठवडे मी ती पिशवी इमानदारीत वागवली. चौथ्या आठवड्यात मावशी पासिर रिसला आल्या आणि आम्ही तिघी जेवायला हॉकर सेंटरला, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत गेलो. उकाडा मरणाचा. पट्ट्याखाली घामानं पुरळ उठलेलं. मी बाथरूममध्ये जाऊन पट्टा सोडला आणि पिशवी पर्समध्ये टाकली. म्हटलं, अर्धा तास तर आहे. दुपारची गर्दी होती. मावशी हात धुवायला गेल्या. मी एक टेबल पकडलं, मृणालला बसवलं, जागा धरायला पर्स टेबलावर ठेवली आणि नूडल्सच्या रांगेत जाऊन उभी राहिले. सिंगापुरात सगळे हेच करतात. टेबलावर टिश्यूचं पाकीट नाहीतर पर्स टाकून बिनधास्त रांगेत जायचं, कुणी हात लावत नाही. इतक्या वर्षांत ती सवय माझ्या हाडात मुरली होती. ट्रे घेऊन वळले तर मृणाल टेबलाशी उभी. गोळ्या-चॉकलेट शोधत तिनं पर्स उपसली होती. जीनची पिशवी दोन्ही हातांत धरून ती दातानं टाका उसवत होती. मला बघून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, "मम्मी, युवर डाळ सो हेवी, लाह!" आणि तेवढ्यात टाका सुटला. तिच्या मांडीवर, टेबलावर, खाली फरशीवर मुगाची डाळच डाळ.

मावशी तिच्यामागे येऊन उभ्या होत्या. मला वाटलं, आता शिव्यांची लाखोली.  पण त्या खाली बसून डाळ गोळा करायला लागल्या, शेवटचा दाणा उचलेपर्यंत उठल्या नाहीत. 

संध्याकाळी आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत मृणाल सायकल चालवत होती. सिमेंटच्या बाकावर मावशींनी मला सांगितलं. हेमंत सात वर्षांचा असतानाची गोष्ट. सलग ड्यूटी करून त्या दुपारी घरी आल्या, भरलेलं रिव्हॉल्व्हर फडताळात ठेवलं, कडी घालायची राहिली आणि त्या लवंडल्या. कशानं तरी जाग आली. डोळे किलकिले केले तर चार पावलांवर हेमंत, दोन्ही हातांनी रिव्हॉल्व्हर धरून, नळी यांच्याकडे. तोंडानं 'ठो ठो' करत तो चाप ओढत होता. "ओरडले असते तर दचकून अजून जोर लावला असता. तशीच पडून राहिले. डोळे मिटले, वैजू. पोराच्या तोंडाकडे बघत मरायचं नव्हतं मला." चाप कडक होता, बोटांत जोर नव्हता. थोड्या वेळानं हेमंतनंच हलवून उठवलं : "आई, तुझं हे राहिलं." मावशी म्हणाल्या, "माझं जड होतं, कडक होतं, म्हणून मी आहे. त्याला कधी विचारलं नाही. मी जागी होते हे त्याला कळलं तर जन्मभर मनाला लावून घेईल. तूही बोलू नकोस."

आणि मग सरळ म्हणाल्या, "तू हत्यार घेऊ नकोस. तुझी जात पर्स टेबलावर ठेवणाऱ्यांची आहे. माझीही होती." मी तडकले. काय काय बोलले ते लिहायची आज लाज वाटते. तुमचं काय जातं, तुम्ही इथं सुखात, तिकडे माझ्या बापाला लुळं केलंय त्यांनी...  उठताना मावशी एवढंच म्हणाल्या, "वजन कमी करता येतं गं. सवय नाही बदलता येत."

साताऱ्याला परतल्यावर मी परवान्याचा अर्ज केला नाही. बाबांचं रिव्हॉल्व्हर पोलिसांत जमा करायला लावलं. बाबा दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. पंपावर दोन माणसं वाढवली, अंधार पडायच्या आत हिशेब बंद, केबिनला लोखंडी दार. पहिली काही वर्षं मोटारसायकलचा आवाज आला की मी जीव मुठीत धरून बसायचे. धाडस वगैरे काही नव्हतं, रोज घाबरत घाबरत पंप चालवला. मृणाल मात्र त्या केबिनमध्ये अभ्यास करून, माझे सगळे खण बिनधास्त उपसत मोठी झाली.

गेल्या आठवड्यात सिंगापूरला जाऊन आले. हेमंत आता साठीचा. मावशींच्या खोलीत आम्ही चहा घेत बसलो होतो. कप खाली ठेवून तो म्हणाला, "वैजू, आईला एक गोष्ट सांगायची राहूनच गेली." आणि त्यानं ती दुपार सांगितली. फडताळ, 'ठो ठो', न हललेला चाप, सगळं. "मोठा झालो तसं कळत गेलं, मी काय करत होतो ते. किती वेळा तिच्याशी बोलायला बसलो, पण तोंडच उघडेना. बरं झालं ती झोपलेली होती."

मावशींना शब्द दिला होता. पण तो माणूस एकटाच ते घेऊन बसला होता, आणि मावशीही एकट्याच ते घेऊन गेल्या होत्या. मला राहवलं नाही. "हेमंत, त्या जाग्या होत्या," मी म्हटलं.

 तो एकदम लहान पोरासारखा रडला. डोळे पुसून म्हणाला, "त्या संध्याकाळी तिनं मला शिरा करून घातला होता. मांडीवर घेऊन, एवढ्या मोठ्या मुलाला. मला वाटलं, वस्तू नीट परत आणून दिली म्हणून शाबासकी." थोड्या वेळानं म्हणाला, "तू लिहिणार असशील तर हेही लिही."

म्हणून लिहिलं.