जोतीराम समुद्रेने भाकर घेतली नाही

कोल्हापुरातल्या त्या ख्रिस्ती मंडळीत कुणाकडे साखरपुडा असो, मयत असो, नाहीतर दारात नवी लूना येवो, प्रार्थनेला जोतीराम समुद्रे लागायचाच. पाळकसाहेब स्वतः हजर असले तरी लागायचा. पाळक चांगले शिकलेले होते, पण त्यांची प्रार्थना चार ओळींत संपायची, आणि एवढा खर्च करून मांडव घातल्यावर देवाची चार ओळींत बोळवण करणं यजमानाला बरं वाटत नसे. जोतीरामची प्रार्थना भरगच्च. आकाश-पृथ्वीच्या उत्पन्नकर्त्यापासून ती सुटायची आणि विधवा, पोरकी, प्रवासी, सीमेवरचे जवान असे सगळे थांबे घेत यजमानाच्या घरी पोचायची. तोवर आतली भजी गार होत. पण आमेन कुठे म्हणायचं हे लहान पोरांनासुद्धा ठाऊक असल्यामुळे कुणाची तक्रार नव्हती.

ही प्रार्थना मूळची त्याच्या वडिलांची. येशुदास समुद्रे, घरचे अप्पा, हे मिशनच्या काळातले प्रचारक. सायकलवरून खेडोपाडी हिंडले, शिव्या खाल्ल्या, एका गावात अंगावर शेण घेतलं, आणि जे काही मागायचं ते रात्री गुडघे टेकून मागितलं. शिव्या आणि शेण जोतीरामच्या वाट्याला आलं नाही. प्रार्थना तेवढी आली, तीही शाळेत असतानाच तोंडपाठ. आयत्या बिळावर नागोबा म्हणायला हरकत नव्हती, पण हा नागोबा मंडळीच्या आवडीचा होता. त्यांनी त्याला वडिलांच्या जागी चर्चच्या पंचायतीत घेतलं आणि प्रभुभोजनाचं ताट फिरवायचं काम दिलं.

पोटापाण्यासाठी तो एसटीत कंडक्टर होता, ड्रायव्हरांच्या बोलीत मास्तर, चंदगडच्या मुक्कामी गाडीवर. माणूस सरळ. दारू नाही, कुणाचे सुटे पैसे दाबणं नाही. तंबाखू फक्त मुक्कामाला, आणि ती देवाला माहीत असली तरी मंडळीला नव्हती. स्टिअरिंगवर प्रभुलिंग असायचा, गडहिंग्लजकडचा लिंगायत. हा प्रभुलिंग मुक्कामाला पहाटे अंघोळ करून गळ्यातलं लिंग तळहातावर घ्यायचा आणि त्याच्याकडे बघत गप्प बसायचा. तोंडातून शब्द निघत नसे. त्यामुळे ही पूजा आहे असं जोतीरामला कधी वाटलंच नाही. चहा उशिरा होतो एवढंच वाटायचं.

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात प्रभुलिंगची आई, गंगव्वा, न्हाणीत पडली. खुबा मोडला. तिला कोल्हापूरला सरकारी दवाखान्यात आणलं, तिथं छातीत कफ भरला आणि डॉक्टर कमी बोलू लागले. प्रभुलिंग जोतीरामला म्हणाला, "मास्तर, तुमच्यात रोग्यासाठी मागत्यात नव्हं? माझ्या अव्वासाठी माग की."

जोतीराम लगेच गेला. खाटेपाशी उभा राहिला, डोळे मिटले आणि सुरू झाला. नेहमीसारखी तोंडाला वाट माहीत होती, त्यामुळे डोकं मोकळं होतं. येत्या रविवारची ड्यूटी कुणाशी बदलून घ्यावी याचा विचार त्यात चालू होता. विधवा झाल्या, पोरकी झाली, जवान झाले. मग शेवटाकडे येताना रूळ कसा बदलला कोण जाणे, तो भरल्या आवाजात म्हणाला, "आणि हे प्रभू, या वधूवरांचा संसार सुखाचा कर, त्यांची कूस फळू दे."

गंगव्वा ऐंशीच्या घरातली. तिने डोळे उघडून लेकाकडे पाहिलं.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर जोतीराम ओशाळून म्हणाला, "चुकलं बाबा. लग्नातलं मधीच घुसलं."

"त्ये न्हवं म्हणत मी," प्रभुलिंग म्हणाला. तो हसत नव्हता, चिडलेलाही नव्हता. "तू मघाशी कुणासंगं बोलत हुतास?"

"देवासंगं."

"मग त्येनं तरी कशाला ऐकावं? तू सोता कुटं ऐकत हुतास?"

जोतीराम घरी आला तरी तो प्रश्न डोक्यातून जाईना. एसटीतल्या माणसाचं पोरगं मोठं होऊन कमावतं झालं तरी बापाच्या पासावर फिरत असेल, तर त्याला तिकीट फाडायला लावणारा हाच जोतीराम होता. आता त्याच्या लक्षात आलं की आपण पन्नाशीला टेकलो, आणि अजून अप्पांच्याच पासावर बसलोय. हे लक्षात आलं तेव्हा त्याला लाज वाटली नाही, सरळ भीती वाटली. अप्पांनी ज्याच्यासाठी अंगावर शेण घेतलं तो आपल्या ओळखीचा आहे का, हे आपल्याला खरंच माहीत नाही, ही ती भीती.

महिन्याचा पहिला रविवार आला. पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. पावाचे बारीक तुकडे, त्यांनाच भाकर म्हणायचं, आणि मनुका उकळून केलेला रस, प्रभूच्या देहाची आणि रक्ताची आठवण म्हणून. त्याआधी पाळकांनी नेहमीप्रमाणे सांगितलं, की प्रत्येकाने आधी स्वतःला तपासून बघावं आणि मगच भाकर घ्यावी. हे दर महिन्याला सांगतात. लोक तेवढ्यात चष्मा पुसून घेतात, पोरांना गप्प करतात. जोतीरामने मात्र त्या दिवशी ते ऐकलं.

त्याने सगळ्यांना ताट फिरवलं. रीतीप्रमाणे शेवटी पाळकांनी त्याच्यापुढे ताट धरलं. तो हळूच म्हणाला, "मला नको, पाळकसाहेब. अजून तपासायचं हाय." पाळकांना वाटलं, दात दुखत असेल. त्यांनी ताट आणखी पुढे केलं. जोतीरामने हात मागे बांधले. सगळी मंडळी बघत होती.

उपासना सुटायच्या आत निकाल लागला होता. भाकर नाकारली म्हणजे पाप केलं, आणि जोतीरामसारख्याने नाकारली म्हणजे मोठंच केलं. मंगळवार पेठेतल्या धोंडुबाई दुसऱ्याच दिवशी केळी घेऊन बाळाबाईचं सांत्वन करायला आल्या. जोतीरामच्या बायकोचं नेमकं कशाबद्दल सांत्वन करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण त्या रडल्या छान. जाताना म्हणाल्या, "मुक्कामाची गाडी लई वाईट, बाळाबाई. चंदगड लांब हाय."

बाळाबाईने रात्रीपर्यंत दम धरला. मग ताटावर भाकरी आपटत विचारलं, "चंदगडला कोण हाय?"

"डेपो मॅनेजर हाय. दुसरं कोण असणार?"

"मग भाकर का घेतली न्हाईसा?"

"अगं, माझा इस्वास खरा हाय का नुसता पाठ हाय, त्ये बघतोय."

बाळाबाईला बाई परवडली असती. बाईला शिव्या देता आल्या असत्या. ती म्हणाली, "अवो, असलं कोण बघतंय का? म्होरल्या महिन्यात गुमान तुकडा घ्या आणि गप बसा."

पाळक घरी आले. सलाम झाला, चहा झाला. त्यांनी समजूत घातली, की तुमचा बाप्तिस्मा झालाय, दृढीकरण झालंय, रजिस्टरला नाव आहे. जोतीरामने सगळ्याला होकार दिला आणि विचारलं, "व्हय, पण मी हाय का त्यात?" पाळकांनी कप बशीत ठेवला. मग आवाज उतरवून म्हणाले, "खरं सांगू का जोतीरामभाऊ, मी दर महिन्याला ते वाक्य म्हणतो. कुणी मनावर घेईल असं मला वाटलं नव्हतं." उठताना त्यांनी ताटासाठी दुसरा माणूस बघतो असंही सांगितलं. त्यात राग नव्हता, अडचण होती.

मधल्या काळात जोतीरामला कुणी प्रार्थनेला बोलावलं नाही. भजी गरम मिळू लागली. तो एकटाच माडीवर जाऊन गुडघे टेकायचा. तोंड उघडलं की आकाश-पृथ्वीचा उत्पन्नकर्ता आपोआप बाहेर यायचा, मग तो दात आवळून गप्प व्हायचा. गप्प बसल्यावर आत काहीच सापडायचं नाही. हे त्याचं त्यालाच फार लागलं. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी मागणाऱ्या माणसाला स्वतःचा एक शब्द मिळू नये, याचं त्याला रडू आलं.

गंगव्वाचं जास्त झालं तेव्हा प्रभुलिंगने पुन्हा निरोप पाठवला. बाळाबाई यावेळी बरोबर गेली, चंदगडची खात्री करायला म्हणा, नाहीतर म्हातारीला बघायला म्हणा. जोतीराम खाटेपाशी उभा राहिला. म्हातारीचा श्वास घरघरत होता.

"देवा," तो म्हणाला, आणि अडला. "मला काय येत न्हाय. आजवर मी अप्पांचं म्हणत आलो. म्हातारीला तरास होतोय, तिला सोडव. आणि मला... मला तू पायजेस. तू माझा हाईस का न्हाईस, मला ठावं न्हाय. पर मला पायजेस."

एवढंच. आमेन कुठे म्हणायचं ते कुणाला कळलं नाही, त्यामुळे कुणीच म्हटलं नाही. समोर कुणीतरी ऐकतंय असं जोतीरामला जन्मात पहिल्यांदा वाटलं होतं. गंगव्वा दोन दिवसांनी गेली. तिला माती देऊन आल्यावर प्रभुलिंग एवढंच म्हणाला, "त्या दिवशी बोललास, मास्तर."

पुढचा पहिला रविवार उजाडला. ताट आता दुसऱ्याकडे होतं, म्हणून जोतीराम इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाळाबाईशेजारी बाकावर बसला होता. ताट आलं. त्याने तुकडा उचलला आणि खाल्ला. मागच्या बाकावर धोंडुबाईंनी मोठा निःश्वास टाकला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि तसाच त्याने ताट बायकोपुढे धरलं.

बाळाबाईने ताट हातात घेतलं. तुकड्यांकडे बघत राहिली. तिने एकही रविवार चुकवला नव्हता. पुढच्या बाकावरच्या माणसाने ताटासाठी हात मागे करून ठेवला होता, तरी ती बघतच होती.

"घे की," जोतीराम पुटपुटला.

तिने मान हलवली. "तुमचं झालं," ती म्हणाली, "माझं मी कधी बघितलंच न्हाय." आणि ताट तसंच पुढे दिलं.