घड्याळ ऐकणाऱ्यानं उलटायचं

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. स्वयंपाकघरातल्या पिशव्यांच्या पिशवीसारखे ते आपोआप फुगत जातात, आणि एक ओढावा तर चार बाहेर येतात! आमच्या शनिवारच्या वाचन-मंडळाचं अगदी तसंच झालंय.

मंडळ म्हणजे डेट्रॉइटजवळच्या आमच्या छोट्या गावातल्या लायब्ररीची एक खोली, आणि चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमात एकमेकांना भेटलेली आम्ही आठ-दहा माणसं. त्या वर्षी हेलनबाई पाहुण्या होत्या. हायस्कूलमध्ये इतिहास शिकवून रिटायर झालेल्या. त्या म्हणाल्या, इंग्रजांविरुद्ध इथे बंदुका निघाल्या त्याच्या कितीतरी आधी छापील पत्रकं निघाली, आणि चर्चमधली प्रवचनं तर त्याहून आधी. झालं! आमचे गायकवाडसर जागेवरच उभे राहिले. सर गिअरबॉक्सचे इंजिनिअर, मूळचे अमरावतीचे. म्हणाले, "मग आपण ते वाचायचंच!" सरांना पुढाकार घ्यायला फक्त माइक लागतो. नसला तरी चालतो.

आणि आमच्यात सगळ्यांत मोठ्या प्रमिलाकाकू. नागपूरच्या. काका गेल्यावर इथे मुलाकडे आल्या. मुलगा-सून कामात, काकूंना गाडी येत नाही. मंगळवारी आणि शनिवारी गावाची एक छोटी पांढरी बस म्हाताऱ्या माणसांना लायब्ररीत आणते. काकूंची घराबाहेर पडायची वाट तेवढी एकच. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

*

पहिल्या शनिवारी सरांनी एका पाद्र्याचं प्रवचन वाचायला घेतलं. पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा, सातवा मुद्दा... मग "सरतेशेवटी" असं आलं. आम्ही चहाचे थर्मास उघडले. त्यानंतर आणखी पाच पानं!

माझी लेक अन्वी अकरा वर्षांची. ती कोपऱ्यातून ओरडली, "आई, ही सेड फायनली लाइक ट्वेंटी मिनिट्स अगो!"

हेलनबाई हसत सुटल्या. म्हणाल्या, तेव्हा पाद्र्यांपुढे तासाभराचं वाळूचं घड्याळ ठेवलेलं असायचं, आणि उत्साही पाद्री ते उलटून पुन्हा सुरू व्हायचे. सरांचे डोळे चमकले. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "आणूया आपण घड्याळ. पण बोलणाऱ्यानं त्याला हात लावायचा नाही. ऐकणाऱ्याला पुढचं ऐकायचं असेल, तर त्यानं उलटायचं."

गराज सेलमध्ये, म्हणजे कोणाच्या तरी घरच्या जुन्या सामानाच्या विक्रीत, अन्वीला एका जुन्या बोर्डगेममधलं घड्याळ मिळालं. बरोब्बर तीन मिनिटांचं. पुढच्या शनिवारी सर तीन मिनिटं बोलले, वाळू संपली. सरांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही छताकडे पाहिलं.

शेवटी सर म्हणाले, "अहो, लायब्ररीचा एसी बरा चालतोय, नाही?"

*

हेलनबाईंनी आणखी एक माहिती पुरवली. त्या काळी चर्चमध्ये झोपणाऱ्यांना ढोसून उठवायला लांब काठी घेतलेला एक माणूस नेमलेला असायचा. आमच्यात ते काम माझ्याकडे आलं. मी सीटबेल्ट टेस्ट करते, म्हणजे माणसं जागेवर सुखरूप राहावीत हे माझं कामच. काठी म्हणून खिडकीच्या पडद्याचा दांडा घेतला.

त्या आठवड्यात ऑफिसात टेस्टिंगची नुसती मारामार चाललेली. शनिवारी कर आकारणीवरचं एक लांबलचक पत्रक निघालं. पुढचं मला आठवत नाही. आठवतो तो फक्त धाडकन आवाज. दांडा माझ्या हातातून पडला आणि सगळी खोली दचकून जागी झाली! सगळी! हेलनबाईंसकट!

काकू म्हणाल्या, "सुषमा, काम चोख केलंस हो."

*

एकदा हेलनबाई मोठा कागद घेऊन आल्या. एका जुन्या पत्रकाची नक्कल, छापखान्यातून जशी निघायची तशी न कापलेली. दोन्ही बाजूंना पानं छापलेली, पण एक सुलटं, एक उलटं, पाचाशेजारी बारा. म्हणाल्या, "याची पुस्तिका करा बघू!"

खोलीत पाच इंजिनिअर. सरांनी लॅपटॉप उघडून थ्रीडी मॉडेल करायला घेतलं. दोघांचं भांडण लागलं. मी कागद गोल फिरवून फिरवून स्वतःच फिरायला लागले.

काकूंनी चष्मा लावला, कागद ओढला, तीन घड्या घातल्या, पर्समधून सुई-दोरा काढून मधोमध टाका मारला आणि वरची कड नखानं दाबून फाडली. सोळा पानं, ओळीनं!

"काकू, कसं काय?"

"अगं, तुझे काका दीक्षाभूमीवर पुस्तिकांचा स्टॉल लावायचे. घड्या कोण घालत होतं?"

त्यांनी ती पुस्तिका हातात धरून ठेवली. बराच वेळ खाली ठेवली नाही. म्हणाल्या, "मला वाटलं होतं, इथे माझं ज्ञान कोणाच्या कामाचं नाही." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

*

मग आलं स्वातंत्र्यावरचं एक जळजळीत पत्रक. राजा आम्हाला गुलाम करू पाहतोय, असं लेखकानं पानापानांवर लिहिलेलं. सर ऐकताना टेबलावर मुठी आपटत होते.

वाचन संपलं. काकूंनी हेलनबाईंना विचारलं, आणि मी इंग्लिश करून सांगितलं, "हा माणूस हे लिहीत बसला होता, तेव्हा त्याच्या घरी पाणी कोण भरत होतं?"

हेलनबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "विकत घेतलेली माणसं."

काकू म्हणाल्या, "मग त्यांचं पत्रक आणा."

पुढच्या शनिवारी बाईंनी खरंच आणलं. गुलामीतल्या माणसांनी त्याच वर्षांत सरकारला केलेल्या अर्जाची प्रत. स्वातंत्र्य स्वातंत्र्य म्हणताय, ते आम्हालाही द्या, असा सरळ हिशेब. काकू म्हणाल्या, हे उभं राहून वाचायचं. आम्ही सगळे उभे राहिलो. त्या दिवशी घड्याळ चार वेळा उलटलं गेलं. एकदा तर अन्वीनं उलटलं.

*

आणि मग बातमी आली की बस बंद होणार. बसायला माणसं कमी, असं गावाच्या कौन्सिलचं म्हणणं.  त्या शनिवारी जाताना काकूंनी खोलीकडे वळून पाहिलं. मला ते अजिबात आवडलं नाही.

मी म्हटलं, "काकू, आपण नुसती वाचायची का पत्रकं? काढूया ना एक!"

काढलं. मजकूर काकूंचा, इंग्लिश माझं, घड्या सगळ्यांच्या. हेलनबाई म्हणाल्या, जुनी पत्रकं बहुतेक निनावी असायची. म्हणून खाली सही केली, 'एक प्रवासी'. एकदम गुप्त! फक्त काकूंना वाटलं की रिकाम्या हातानं कागद कसा द्यायचा, म्हणून प्रत्येक पत्रकासोबत चिवड्याची छोटी पुडी.

पत्रकं गावभर वाटली, आणि दुसऱ्या दिवशी लायब्ररीच्या दारात बसचा ड्रायव्हर डॅरिल भेटला. "प्रमिला, पान चारवर माझं नाव अगदी बरोबर लिहिलंस, थँक्स!"

"तुला कसं कळलं मी लिहिलं?" काकू हादरल्या.

डॅरिलनं खिशातून रिकामी पुडी काढून दाखवली.

कौन्सिलचे अध्यक्षही तिथेच पुस्तकं परत करत होते. बस बंद करायचा प्रस्ताव त्यांचाच. म्हणाले, "पत्रक अजून वाचलं नाही. चिवडा मात्र संपला."

*

कौन्सिलच्या सभेत कोणीही उठून बोलू शकतं, पण तीनच मिनिटं. अध्यक्ष वेळेचे फार कडक. टायमर वाजला की माइक बंद, मग समोर कोणीही असो.

काकूंचं नाव पुकारलं. सोबत येऊ का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "नको, माझं मी बोलते." माइकसमोर गेल्या, पर्समधून आमचं घड्याळ काढलं आणि समोरच्या लाकडी टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, "सर, धिस इज अवर घड्याळ. सँड फिनिश, आय स्टॉप. आय कॅनॉट टर्न. ओन्ली लिसनर कॅन टर्न."

मग बोलल्या. काका गेले, ते सांगितलं. इथे आल्यावर आठ महिने घरात कोणाशी बोलणं नव्हतं, मायक्रोवेव्ह वाजला तरी "आले गं" म्हणायचे, तेही सांगितलं. लोक हसले, आणि हसता हसता गप्प झाले. "देन वन ट्यूजडे, आय सी व्हाइट बस. आय गो इन. आय ॲम व्हेरी अफ्रेड. अँड डॅरिल, ही लुक ॲट मी, अँड ही आस्क..."

टायमर वाजला. वाळू संपली. काकूंनी तोंड मिटलं.

अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, वाक्य पूर्ण करा, चालेल."

काकूंनी मान हलवली. "नो सर. रूल इज रूल."

 मागच्या रांगेत डॅरिल टोपी हातात घेऊन बसलेला. गायकवाडसर, ज्यांच्यासाठी आम्ही ते घड्याळ एकदाही उलटलं नव्हतं, खुर्चीतून अर्धे उठले होते. मी त्यांचा शर्ट धरून ठेवला.

अध्यक्षांनी खुर्ची मागे सरकवली. तीन पायऱ्या उतरून खाली आले, माइकपाशी गेले, आणि घड्याळ उलटं केलं.