सूर्यावर आळ घेणारा कूलरवाला

मे महिन्यात सूर्याला शिव्या न घालणारा एक तरी माणूस नागपुरात तुम्हाला ठाऊक आहे का? नसेल, तर तुम्ही नंदनवन वस्तीत प्रेमानंद लोणारेच्या दुकानावरून कधी गेलेलाच नाहीत. प्रेमानंद कूलर बनवतो. ऊन तापलं की त्याची चूल पेटते. त्यामुळे सूर्याबद्दल वाकडा शब्द तो कोणाचाच ऐकून घेत नाही. "त्याले नावं नका ठेवू, आपला अन्नदाता आहे तो," असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगतो. गिऱ्हाईक रागावलं तर रागावू दे.

आणि याच माणसाने सूर्यावर आळ घेतला. तोही बॅनर छापून.

झालं असं, की हिवाळ्यात कूलरवाल्याला काम नसतं. मोबाइलवर त्याने एक व्हिडिओ पाहिला. ऊन बारीक फटीतून डीव्हीडीच्या तुकड्यावर पाडलं, तर इंद्रधनुष्यासारखे रंग पसरतात आणि त्या रंगांत काळ्या रेघा दिसतात. कोणती रेघ कुठे आहे, त्यावरून सूर्यात काय काय आहे ते कळतं. प्रेमानंदचा विश्वास बसला नाही. त्याच्या आजोबांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून त्या घरात पाहिल्याशिवाय मानायचं नाही असा शिरस्ता आहे. "खोटं निघालं तर त्या व्हिडिओवाल्याले सोडत नाही," म्हणत त्याने कात्री उचलली आणि कूलरच्या पत्र्याचा लांबट डबा वळला.

आतून फळ्याचा काळा रंग दिला. एका टोकाला दाढीची दोन पाती समोरासमोर बसवली, दुसऱ्या टोकाला चकचकीत थर सोललेली डीव्हीडी आणि तिच्यामागे जुना मोबाइल. पहिल्या दिवशी रंग झकास आले, रेघ मात्र एकही नाही. येणार कशी? कूलर बनवणाऱ्याचा हात, फट ठेवली पाणी गळावं एवढी. पाती सरकवत सरकवत केसाएवढी फट केली, तेव्हा रंगांच्या पट्ट्यात काळ्या रेघा उभ्या राहिल्या. तो ओरडलाबिरडला नाही. बायकोला, सरिताला, हाक मारली आणि तिने पाहीपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

मग त्याने गॅसच्या ज्योतीवर मीठ टाकून पाहिलं. मिठाची पिवळी रेघ बरोबर तिथेच आली, जिथे उन्हात काळी होती. म्हणजे मिठातलं सोडियम सूर्यातही आहे. सरिताचा बर्नर मात्र कामातून गेला.

इथवर सगळं ठीक होतं. उन्हाळा लागला, दुकान चालू झालं, डब्याला वेळ संध्याकाळचाच मिळू लागला. आणि त्या मिठाच्या रेघेशेजारी, लाल रंगाच्या बाजूला, त्याला एक धूसर काळी पट्टी दिसली. कधी असायची, कधी नसायची. व्हिडिओत तिचं नावही नव्हतं. प्रेमानंदने ठरवून टाकलं की सूर्यात काहीतरी येऊन-जाऊन आहे आणि ते आपल्यालाच सापडलं आहे.

समोर राहणाऱ्या वामनरावांचं गांधीबागेत कापडाचं दुकान. ते रोज संध्याकाळी येऊन बसायचे.

"काय गा प्रेमानंद, सूर्याले डाग पडला म्हणते? आमच्या कापडाले पडला तर गिऱ्हाईक वापस करते."

"वामनराव, तुम्ही खालचं सांभाळा. वरचं खातं माह्याकडे आहे."

वस्तीतलं बुद्धविहार सांभाळणाऱ्या कौसल्याबाईंच्या कानावर हे गेलं. बुद्धपौर्णिमेला विहाराच्या अंगणात डबा मांड, सगळ्यांना दाखव, असं त्यांनी सांगितलं. प्रेमानंदने फ्लेक्स करून आणला: 'सूर्यात येणारी-जाणारी काळी पट्टी. शोध: प्रेमानंद लोणारे.' फ्लेक्स विहाराच्या फाटकावर लागला आणि प्रेमानंदचं नाव सगळ्या वस्तीने वाचलं.

पौर्णिमा तोंडावर आली आणि अवकाळी ढग आले. ऊन पडायचं, पण घाम वाळेना. प्रेमानंदचा फोन सारखा वाजू लागला. सगळ्यांची एकच रड: कूलर थंडा करत नाही. फोन सरिता घ्यायची. हवेतच पाणी असलं की कूलर नुसती हवा फेकतो, हे ती प्रत्येकाला समजावून थकली.

"अजून भावनाताईचा फोन आला जी," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात ढग आले होते तवाही तिनंच डोकं खाल्लं होतं. त्या दिवशी तुम्ही पट्टी दिसली म्हणून नाचून राहिले होते."

"मंग?"

"मंग काही नाही. तुमच्या सूर्याचा अन् भावनाताईच्या कूलरचा आजार एकाच दिवशी काहून येते, इतकंच इचारून राहिली."

प्रेमानंद भडकला. कूलर कुठे, सूर्य कुठे, तुला काय कळतं, असं बरंच बोलला. जेवला नाही. पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. दुसऱ्या दिवशी दुकान अर्धं लावून त्याने भर दुपारी फोटो घेतला आणि सूर्य मावळतीकडे कलल्यावर पुन्हा एक घेतला. दुपारचं ऊन सरळ वरून येतं, संध्याकाळचं आडवं, म्हणजे आपल्या हवेतून जास्त वाट तुडवून. दोन्ही फोटोंत मिठाची रेघ होती तशीच. पट्टी दुपारी फिकट, संध्याकाळी काळीकुट्ट.

सूर्य काही दुपारपासून संध्याकाळपर्यंत बदलला नव्हता. पट्टी आपल्या हवेतली होती, आणि दमट दिवशीच उठून दिसायची, म्हणजे हवेतल्या वाफेची.

तो पायरीवर बसला. गप्प बसला असता तर वस्तीत कोणाला कळणार होतं? फ्लेक्सवर नाव होतं, पौर्णिमा परवावर होती, लोक बघून वा वा करून खीर खाऊन घरी गेले असते.

सरिता शेजारी येऊन बसली. "बॅनर उतरवून आणू का?"

"नको," तो म्हणाला. "मार्कर आण."

पौर्णिमेला अंगणात पांढऱ्या कपड्यांची गर्दी जमली. दुपारी डबा लागला, दिवस कलल्यावर पुन्हा लागला. लोकांनी दोन्ही वेळा पाहिलं. मग प्रेमानंद स्टुलावर चढला आणि फ्लेक्सवरच्या 'सूर्यात'वर काट मारून त्याने वर 'आपल्या हवेत' लिहिलं. पुढे 'शोध' खोडून 'गलती' लिहिलं. नाव तसंच ठेवलं.

वामनराव कधीपासून वाटच बघत होते. "म्हणजे तू उन्हाळाभर सूर्याले फुकट बदनाम केलं."

"केलं."

"आता?"

"आता माफी मागून राहिलो. त्याची. तुमची नाही."

अंगण हसलं. कौसल्याबाईंना अजून पत्ता लागला नव्हता. "मंग सूर्यात सापडलं काय, रे बाबू?"

"मीठ, जी. मिठातलं सोडियम. ते पक्कं आहे, बर्नर जाळून पाहिलं."

"अन् हे हवेतलं कोणी पकडलं?"

प्रेमानंदने खाली पाहिलं. सरिता खिरीचं पातेलं ढवळत होती. "हिनं," तो म्हणाला, आणि फ्लेक्सवर आपल्या नावाखाली 'शोध' म्हणून तिचं नाव लिहायला वाकला, तर मार्कर संपला. वामनरावांनी खिशातून पेन काढून दिला.

फ्लेक्स आता दुकानात टांगला आहे. गिऱ्हाईक विचारतं, तो सांगतो, आणि ज्याला पटत नाही त्याला डब्यासमोर उभं करतो. पण नागपूरची हवा एकाच जातीची, कोरडी. कोकणात, जिथे हवा इतकी दमट की कूलर कोणी विकतच घेत नाही, तिथे ही पट्टी बारा महिने काळी असायला हवी, असं त्याचं म्हणणं आहे. म्हणणंच आहे, कारण पाहिलेलं नाही, आणि यावेळी तो फ्लेक्स छापणार नाही. तेव्हा तुम्ही रत्नागिरीत असा नाहीतर मालवणात, असा एक डबा बनवा. नुसत्या डोळ्यांनी सूर्याकडे बघू नका, फटीवर बटरपेपर लावा, एक फोटो दुपारी घ्या आणि एक दिवस मावळताना, आणि दोन्ही नंदनवनात प्रेमानंद आणि सरिता लोणारेंना पाठवून द्या.